निवाड्याची खुर्ची

नागपूरहून वर्धा रोडने निघाले की विमानतळाचे कुंपण संपता संपता उजव्या हाताला मिहान सुरू होते. खापरी, तेल्हारा, कलकुही, दहेगाव, शिवणगाव या गावांच्या शिवारात एकेकाळी तूर आणि कापूस उभा असे. तिथे आता काचेच्या इमारती, विमानदुरुस्तीचे अवाढव्य शेड आणि बऱ्याच मोकळ्या राहिलेल्या प्लॉटांचे गवत आहे. दहेगावच्या बाजूला आयआयएमचा परिसर लागतो. मार्च 2024 मध्ये नागपूर ग्रामीण पोलीस, आयआयएम नागपूर आणि चेन्नईची पिनाका टेक्नॉलॉजीज यांनी मिळून ‘मार्व्हल’ नावाची सरकारी कंपनी उभी करायचे ठरवले. पोलिसांच्या तपासासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने तयार करणे हे तिचे काम. पुढे डिसेंबर 2025 मध्ये मायक्रोसॉफ्टचे सत्या नडेला मुंबईत आले, तेव्हा नागपूरच्या 23 पोलीस ठाण्यांत चालू असलेली ‘महाक्राइमओएस एआय’ ही प्रणाली राज्यातल्या सगळ्या 1,100 ठाण्यांत नेण्याची घोषणा झाली. सायबर गुन्ह्याचा ढिगाने साचणारा कागद वाचून तपासाची दिशा सुचवणारे हे यंत्र.

गुन्हा शोधायचे यंत्र असे मिहानच्या अंगणात तयार झाले. पण ज्याचे पैसे गेले किंवा ज्याची माहिती चोरीला गेली, त्याची भरपाई कोणी ठरवायची? माहिती तंत्रज्ञान कायद्याने त्यासाठी एक खुर्ची 2000 सालीच मांडून ठेवली आहे. ती मुंबईला, मंत्रालयात आहे. नागपूरच्या दहा वकिलांना विचारा, त्यातले निम्मे तरी डोके खाजवतील. त्या खुर्चीची आणि तिच्या आसपास मांडल्या गेलेल्या इतर खुर्च्यांची ही हकीकत.

कायदा नव्हता तेव्हाही भांडणे होतीच. ‘रेडिफ’ हे संकेतस्थळ नावारूपाला आल्यावर कोणीतरी ‘रॅडिफ’ नावाचे दुसरे काढले. एका अक्षराची हेराफेरी. 1999 मध्ये प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्यापुढे आले. डोमेन नेम म्हणजे इंटरनेटवरचा नुसता पत्ता आहे, त्यात मालकी कसली, असा प्रश्न होता. न्यायालयाने सांगितले की हा पत्त्यापेक्षा बराच मोठा ऐवज आहे आणि त्याला ट्रेडमार्कइतकेच संरक्षण मिळाले पाहिजे. नवा कायदा येण्याची वाट न पाहता दुकानाच्या पाटीवरून होणाऱ्या जुन्या भांडणाचाच नियम इथे लावला गेला. माझ्या मते सायबर कायद्याच्या नावाखाली पुढे जे जे झाले, त्यात इतके सरळ काम फारच थोड्या वेळा झाले.

त्याच सुमारास दिल्लीत माहिती तंत्रज्ञान मंत्रालय नव्याने उभे राहत होते आणि त्याची सूत्रे प्रमोद महाजनांकडे होती. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने 1996 मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यापारासाठी एक नमुना कायदा तयार केला होता. तो समोर ठेवून विधेयक बेतले गेले, 9 जून 2000 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि 17 ऑक्टोबरपासून कायदा लागू झाला. मूळ हेतू व्यापाराचा होता. इलेक्ट्रॉनिक कागद आणि डिजिटल सही यांना कागदावरच्या मजकुराची आणि शाईच्या सहीची किंमत यावी, एवढाच. पोलिसांची कलमे होती, पण ती कायद्याच्या शेवटाकडे.

या कायद्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट कलम 46 मध्ये होती. कोणी तुमच्या संगणकात घुसले, माहिती चोरली, पैसे वळवले, तर भरपाईसाठी दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेपा घालायच्या नाहीत. सरकारने नेमलेला न्यायनिर्णय अधिकारी ऐकेल आणि निवाडा देईल. दिवाणी न्यायालयाला त्या विषयात दारच बंद. कल्पना उत्तम होती. फक्त अधिकारी नेमायचे राहून गेले. कायदा होऊन दोन वर्षे उलटली तरी कोणाकडे जायचे ते ठरेना. पुण्याच्या एशियन स्कूल ऑफ सायबर लॉजच्या विद्यार्थ्यांनी मग मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. न्यायालयाने केंद्राला जागे केले आणि मार्च 2003 मध्ये नियम आले, पाठोपाठ आदेशही: प्रत्येक राज्याचा माहिती तंत्रज्ञान सचिव हाच त्या राज्याचा न्यायनिर्णय अधिकारी. चार महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न करावा, फार तर सहा.

सनदी अधिकाऱ्याला असे न्यायाधीश करणे सोयीचे होते, शहाणपणाचे होते का ते सांगता येत नाही. सचिवाला दिवसभर संगणक खरेदीच्या फायली, विधानसभेचे तारांकित प्रश्न, मंत्र्यांच्या बैठका. त्यातून वेळ काढून त्याने बँकेचे लॉग तपासायचे. त्याची बदली झाली की अर्धवट ऐकलेले प्रकरण नव्या माणसापुढे पहिल्यापासून. शिवाय विदर्भातल्या तक्रारदाराने विदर्भ एक्स्प्रेसमध्ये रात्र काढायची, दुसऱ्या दिवशी मंत्रालयाच्या पाससाठी रांगेत उभे राहायचे आणि संध्याकाळी तारीख घेऊन परत फिरायचे.

दरम्यान महाराष्ट्रात दोन गोष्टी समांतर घडत होत्या. 2002 मध्ये महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली आणि मिहानचे आराखडे रंगू लागले. आयटी कंपन्यांना इथे जागा द्यायची, परदेशातले काम नागपुरात आणायचे. आणि 2005 च्या एप्रिलमध्ये पुण्यात एमफॅसिसच्या कॉल सेंटरचे प्रकरण फुटले. सिटी बँकेच्या अमेरिकी ग्राहकांशी फोनवर गोड बोलून तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी त्यांचे पिन मिळवले, नोकरी सोडली आणि साडेतीन लाख डॉलरच्या आसपास रक्कम पुण्यातल्या बनावट खात्यांत वळवली. त्यात हॅकिंग नव्हतेच. होती ती नुसती जुन्या वळणाची बनवाबनवी. पण परदेशी गिऱ्हाईक बिचकले. दुसऱ्यांची माहिती सांभाळणाऱ्या कंपनीची जबाबदारी किती, हे आपल्या कायद्यात कुठेच नव्हते, ही गोष्ट तेव्हा पहिल्यांदा उघडी पडली. मिहानसारख्या प्रकल्पाचे सगळे गणित या एका प्रश्नावर उभे होते.

त्याचे उत्तर 2008 च्या दुरुस्तीत आले. नवे कलम 43-अ सांगत होते की संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने वाजवी काळजी घेतली नाही आणि कोणाचे नुकसान झाले, तर तिने त्याला भरपाई द्यावी. या कलमाला मी कायद्याचा कणा म्हणेन. पण ती दुरुस्ती 26/11 नंतर महिनाभरात, 22 आणि 23 डिसेंबरला, गोंधळात आणि चर्चेविना दोन्ही सभागृहांतून निघाली. तिच्या पोटात आणखी एक कलम होते, 66-अ. ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचे’ असे काही पाठवले तर तीन वर्षे तुरुंग. त्रासदायक म्हणजे काय, हे ठाणेदाराने ठरवायचे.

ठाणेदाराने ते पालघरला ठरवले. नोव्हेंबर 2012. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. एका तरुणीने फेसबुकवर विचारले की हा बंद कशासाठी. तिच्या मैत्रिणीने त्याला ‘लाइक’ केले. दोघींना अटक झाली. देशभर छीथू झाली, पोलीस अधिकारी निलंबित झाले, गुन्हा मागे पडला; पण कलम शिल्लक होते. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीने ते सर्वोच्च न्यायालयात नेले आणि 24 मार्च 2015 रोजी ते घटनाबाह्य ठरले. गंमत अशी की त्यानंतरही कित्येक ठाण्यांत 66-अ खाली गुन्हे नोंदले जातच राहिले. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की बाबांनो, हे कलम मेले आहे.

पालघरची चर्चा चालू होती त्याच काळात मंत्रालयात ती निवाड्याची खुर्ची मात्र चांगली चालली होती, आणि त्याची कोणाला फारशी खबर नव्हती. राजेश अग्रवाल तेव्हा राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव होते. त्यांच्यापुढे येणारी प्रकरणे वाचली की त्या वर्षांतला मध्यमवर्गीय महाराष्ट्र दिसतो. एका घरात सुनेने नवऱ्याचे आणि सासऱ्याचे ईमेल उघडून छळाच्या तक्रारीसाठी पुरावा काढला. परवानगीशिवाय खाते उघडले हे खरे, पण ते वापरले पोलीस आणि न्यायालयापुढेच, म्हणून भरपाई नाही, फक्त नाममात्र दंड. कुठे बनावट कागदांवर दुसरे सिम कार्ड देणाऱ्या मोबाईल कंपनीला धरले गेले. सिम गेले की ओटीपी गेला आणि ओटीपी गेला की खाते रिकामे, ही साखळी तिथे तेव्हाच उलगडली होती.

सगळ्यात गाजला तो 2013 चा पुण्याचा निवाडा. पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतल्या खात्यातून 80 लाख 10 हजार रुपये परस्पर वळवले गेले. मालकाने बँकेच्या नावाने आलेल्या फसव्या ईमेलला उत्तर दिले होते. बँकेचे म्हणणे साधे होते: तुम्हीच किल्ली दिलीत. सचिवांनी ते अर्धेच मानले. मालक गाफील राहिला हे खरे. पण ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना कागदपत्रे धड तपासली होती का? एवढी रक्कम भराभर बाहेर जाताना बँकेला संशय का आला नाही? बँकेने 45 लाख भरावेत असा आदेश झाला. तोपर्यंत देशात अशा वादात दिल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या भरपायांपैकी ही एक होती. चूक दोघांची तर तोटाही दोघांचा, हा पंचाच्या तोंडी शोभणारा हिशेब होता.

मग बँकांनी अपील करायचे कुठे? दिल्लीला, सायबर अपील न्यायाधिकरणात. तिथली खुर्ची रिकामी होती. अध्यक्ष न्यायमूर्ती राजेश टंडन 30 जून 2011 रोजी निवृत्त झाले आणि सरकारने त्यांच्या जागी कोणाला नेमलेच नाही. एक वर्ष नाही, दोन नाही, जवळपास सहा वर्षे. कार्यालय होते, कर्मचारी होते, अपिले येऊन पडत होती आणि निकाल द्यायला माणूस नव्हता. शेवटी 26 मे 2017 रोजी ते न्यायाधिकरण दूरसंचार वादांच्या टीडीसॅटमध्ये विलीन करून टाकले. ज्या सहा वर्षांत देशाने स्मार्टफोन खिशात घातला, नोटबंदी पाहिली, यूपीआय सुरू केले, तीच ही सहा वर्षे. तक्रारदाराला मिळालेला निवाडा कागदावर राहिला आणि वकिलांनी पक्षकारांना ही वाट सुचवणे सोडले. माझ्या मते या कायद्याचे सर्वांत मोठे अपयश हेच. 66-अ च्या गदारोळात ते झाकले गेले.

दिवाणी वाट अशी बुजल्यावर लोक ठाण्यात जाऊ लागले. त्यातले एक प्रकरण विदर्भाच्या पूर्व टोकाचे आहे आणि त्याचा निकाल नागपुरात लागला.

गोंदिया जिल्ह्यातले अर्जुनी मोरगाव हे नवेगावबांधच्या तळ्याजवळचे तालुक्याचे गाव, भातशेतीचा मुलूख. 2016 मध्ये तिथल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका सदस्याने एका महिला सदस्याविषयी घाण भाषा वापरली. तिने ग्रुप अ‍ॅडमिनला सांगितले. त्याने त्या माणसाला काढले नाही, माफी मागायला लावले नाही. मी काय करू, म्हणून हात वर केले. तिने पोलिसांत तक्रार दिली आणि लिहिणाऱ्याबरोबर अ‍ॅडमिनही आरोपी झाला. विनयभंगाची कलमे, चिथावणी आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67. आरोपपत्रही दाखल झाले. अ‍ॅडमिनने गुन्हा रद्द करण्यासाठी नागपूर खंडपीठ गाठले.

लक्षात घ्यायला हवे की तोपर्यंत जिल्ह्याजिल्ह्यांत पोलीस आणि कलेक्टर कचेऱ्या अ‍ॅडमिनना दम भरत होत्या. दंगल, निवडणूक, सण काहीही असो, ‘ग्रुपवर काही आले तर अ‍ॅडमिन जबाबदार’ असा संदेश फिरायचाच. पुष्कळांनी भीतीने ग्रुप बंद केले किंवा अ‍ॅडमिनपद दुसऱ्याच्या गळ्यात मारले. गल्लीतल्या गणपती मंडळाचा, शाळेच्या बॅचचा, भिशीचा अ‍ॅडमिन एका रात्रीत संपादक ठरला होता.

न्यायमूर्ती झेड. ए. हक आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी 1 मार्च 2021 रोजी निकाल दिला. त्यांनी आधी अ‍ॅडमिनच्या हातात नेमके आहे काय ते पाहिले. सदस्य घेणे आणि काढणे, एवढेच. मजकूर ग्रुपवर पडण्याआधी तो वाचता येत नाही, अडवता येत नाही. एकदा ग्रुप तयार झाला की इतर बाबतीत तो बाकीच्यांसारखाच एक सदस्य. दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी एखाद्याला शिक्षा द्यायची तर कायद्यात तसे स्पष्ट लिहिलेले हवे. तसे कुठे लिहिलेले नाही. दोघांनी आधी संगनमत केल्याचा पुरावा असेल तर गोष्ट वेगळी, पण नुसता ग्रुप काढला यावरून संगनमत गृहीत धरता येत नाही. गुन्हा रद्द झाला. पुढच्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने तशाच प्रकरणात नागपूरच्या या निकालाचा आधार घेतला.

निकाल योग्यच होता. तरी त्यातली एक फट आता मोठी झाली आहे. अ‍ॅडमिनला अधिकार नाही म्हणून जबाबदारी नाही, हा त्यातला आधार. 2022 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी पुसून टाकायची सोय दिली. मग 2016 च्या अर्जुनी मोरगावातला हतबल अ‍ॅडमिन आज तेवढा हतबल राहील का? फौजदारी गुन्हा बहुधा तरीही होणार नाही. पण त्या महिलेला त्या दिवशी तुरुंग-बिरुंग काही नको असेल. तो मजकूर जावा आणि त्याने माफी मागावी, एवढेच हवे असेल. ते द्यायला मंत्रालयही नव्हते, ठाणेही नव्हते. पाच वर्षांनी खंडपीठाने जे ठरवले ते अ‍ॅडमिनपुरते होते.

त्याच काळात न्यायालये स्वतःच पडद्यावर येऊ लागली होती. 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली नोटीस बजावली गेली असे मानले. समोरच्याने पीडीएफ उघडल्याच्या निळ्या खुणा दिसत होत्या. नोटीस चुकवून बेलिफाला खेळवणाऱ्यांची पिढी त्या दिवशी जरा चपापली असेल. मग करोना आला. सरन्यायाधीश होते शरद बोबडे, मूळ नागपूरचे, ज्यांच्या घरात वकिली पिढीजात. एप्रिल 2020 मध्ये त्यांच्या खंडपीठाने दूरदृश्य सुनावणीसाठी देशभरच्या न्यायालयांना निर्देश दिले. 31 ऑक्टोबर 2020 रोजी नागपूरला न्यायिक अधिकारी प्रशिक्षण संस्थेत ‘न्याय कौशल’ या ई-रिसोर्स केंद्राचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. देशातल्या कुठल्याही न्यायालयात तिथून ऑनलाइन प्रकरण दाखल करता यावे, ही कल्पना. त्याच दिवशी काटोलला वाहतूक दंडांसाठीचे आभासी न्यायालय सुरू झाले.

काटोल म्हणजे संत्र्यांचा पट्टा. राज्यात कुठे सिग्नल तोडला, तर तुमच्या चलनाचा निवाडा तिथे संत्र्याच्या बागांनी वेढलेल्या गावात होऊ शकतो, हे चित्र मला फार आवडते. पक्षकार येत नाही, वकील येत नाही, पुकारा होत नाही. चलन पडद्यावर येते, दंडाची रक्कम ठरते, मोबाईलवर मेसेज जातो. मान्य असेल तर घरबसल्या पैसे भरा, विषय संपला. मान्य नसेल तर तसे कळवा, प्रकरण तुमच्या भागातल्या नेहमीच्या न्यायालयात जाईल. ठरीव दंडाच्या, वाद नसलेल्या गोष्टीत हे झकास चालते. पण इथेही दंड सरकारजमा होतो. दोन माणसांमधला तंटा काटोलला मिटत नाही.

दोघांमधला तंटा मिटवायचे काम प्रत्यक्षात मोठ्या प्रमाणावर कंपन्यांनीच केले. ईबेने 1999 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाबरोबर ऑनलाइन मध्यस्थीचा प्रयोग केला आणि पुढे ती कंपनीची रोजची यंत्रणा झाली. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 2020 मध्ये फसलेल्या डिजिटल व्यवहारांसाठी, सेबीने 2023 मध्ये गुंतवणूकदारांसाठी अशीच ऑनलाइन व्यवस्था मागितली. समाजमाध्यमांच्या बाबतीत 25 फेब्रुवारी 2021 चे नवे नियम आले, म्हणजे अ‍ॅडमिनच्या निकालाच्या अवघे चार दिवस आधी. प्रत्येक मोठ्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागला आणि 2023 पासून त्याच्यावर सरकारी अपील समित्या बसल्या. त्याच वर्षी सरकारने आणखी एक पाऊल टाकले: केंद्राविषयीचा कुठला मजकूर खोटा, हे ठरवणारा सत्यशोधन कक्ष. म्हणजे ज्याच्याविषयी तक्रार, तोच पंच. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींचे मत फुटले आणि प्रकरण तिसऱ्याकडे गेले. ते होते अतुल चांदूरकर, नागपूरच्या वकिलांतून न्यायासनावर गेलेले. 20 सप्टेंबरला त्यांनी तो कक्ष घटनाबाह्य ठरवला.

आता नवी खुर्ची येते आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि कंपन्यांना तयारीसाठी दीड वर्षाची मुदत मिळाली. या कायद्याखाली तक्रारी ऐकणारे मंडळ मुळातच ऑनलाइन चालायचे आहे, त्यामुळे मुंबई-दिल्लीच्या खेपा वाचतील. अपील पुन्हा टीडीसॅटकडे. मिहानमधल्या एखाद्या कंपनीच्या सर्व्हरमधून उद्या तुमची-आमची माहिती फुटली, तर मंडळ तिला 250 कोटींपर्यंत दंड करू शकेल. तो दंड भारताच्या एकत्रित निधीत जमा होईल. ज्याची माहिती फुटली त्याला भरपाई देणारे कलम 43-अ रद्द करायची तरतूद मात्र याच कायद्यात आहे, आणि मंडळाच्या अखत्यारीतल्या विषयात दिवाणी न्यायालयाचे दार कलम 39 ने लावून घेतले आहे.